निळा खिसा

पेंटरला आयुष्यात एकच गोष्ट सरळ जमायची, ती म्हणजे अक्षरं. बाकी सगळं वाकड्यात. वय बावन्न, पण खोड्या काढायचं वय काही बाराच्या पुढे सरकलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या रंगवायचा धंदा. एका न्हाव्याने पैशावरून फार घासाघीस केली, तर त्याच्या पाटीवरच्या कंगव्यात पेंटरने एक उवेएवढी ऊ रंगवून ठेवली. न्हाव्याला ती आठ महिन्यांनी दिसली, तीही गिऱ्हाइकाने दाखवली म्हणून. लोखंडी सामानाच्या दुकानासमोर फरशीवर त्याने एक नाणं रंगवलं होतं. दिवसाला दहा-बारा माणसं वाकायची. दुकानदार, ज्याला सगळे हार्डवेअरवाला म्हणायचे, तो गल्ल्यावर बसून मोजायचा आणि संध्याकाळी पेंटरला आकडा सांगायचा.

या सगळ्या विद्येचा पहिला अभ्यास झाला तो ताईवर. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी तिच्या बुटांत बेडूक, तिच्या वहीत चिकटवलेली पानं, लग्नाच्या फोटोत तिला रंगवलेल्या मिशा, काही म्हणून सोडलं नाही. ताई हसायची, "झालं समाधान?" म्हणायची आणि कामाला लागायची. पन्नास वर्षांत तिने एकदाही उलट खोडी काढली नाही. पेंटरला वाटायचं, बिचारी साधी आहे.

तर या साध्या ताईची पिशवी तीन महिन्यांपूर्वी बाजारात कापली गेली.

ताई घरच्या छोट्या भट्टीत पाव भाजून विकायची. आठवड्याची वसुली पिशवीत, पिशवी खांद्यावर, बाजारात ही गर्दी. कोणीतरी ब्लेड फिरवलं. पैसे गेले त्याचं ताईला एवढं नाही लागलं. तिला लागलं ते वेगळंच. "अरे, तशीच कापलेली पिशवी मिरवत घरी आले मी," ती म्हणाली. "वाटेत चार जणांशी बोलले, हसले. त्या सगळ्यांना माझी फाटकी पिशवी दिसत होती आणि मला नाही." पिशवी तिने लाल दोऱ्याने शिवली, खुंटीला अडकवली आणि बाजारात जाणं बंद केलं. कायमचं. पीठ पेंटर आणून द्यायचा, भाजी दाजी आणायचे. आधी आठवडा, मग महिना, मग तीन महिने. ताई दारापर्यंत यायची, बूट घालायची आणि काढून ठेवायची. हे पेंटरने एकदा जिन्यावरून पाहिलं होतं. त्या दिवशी त्याला कोणाचीच खोडी काढावीशी वाटली नाही.

आणि मग एक मोठी भट्टी विकायला निघाली.

बाजाराच्या पलीकडच्या टोकाला एका म्हाताऱ्याची बेकरी होती. त्याचे गुडघे गेले, म्हणून तो धंदा बंद करत होता. आठ ट्रेची लोखंडी भट्टी, दाराला जाड काच. तशी भट्टी नवीन घ्यायची तर ताईला पुढचे तीन जन्म पाव विकावे लागले असते. म्हातारा निम्म्याहून कमीत द्यायला तयार होता, पण रोख. "फोनमधले पैसे मला दिसत नाहीत," तो म्हणाला, "आणि मला जे दिसत नाही ते मी घेत नाही. शनिवारी एक वाजेपर्यंत वाट बघतो. एक वाजता दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, हॉटेलवालं."

बँक बाजाराच्या या टोकाला, बेकरी त्या टोकाला. मधे तोच बाजार.

शनिवारी सकाळी ताईच्या स्वयंपाकघरात युद्धाची बैठक बसली. ताई भट्टीपाशी टोस्ट भाजत होती. टेबलाशी दाजी, म्हणजे ताईचे यजमान, समोर कागद घेऊन. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. निवृत्त झाले तरी परिपत्रकं काढायची सवय सुटली नव्हती.

"सूचना क्रमांक एक," दाजींनी चष्मा चढवला. "बँकेच्या दारात उभं राहून पैसे मोजू नयेत. दोन. मागच्या खिशात काहीही ठेवू नये. तीन. धक्का लागल्यास धक्का देणाऱ्याकडे न बघता आपल्या खिशाकडे बघावं."

"आणि चार?" पेंटरने टोस्ट चोरत विचारलं.

"चार. 'तुमच्या कपड्यावर काहीतरी पडलंय' असं कोणी म्हटल्यास थांबू नये. एक जण डाग पुसतो, दुसरा खिसा. पाच..."

"दाजी, किती आहेत?"

"एकोणीस."

"मग एक वाजेल हो."

"सात तेवढी महत्त्वाची आहे. दर शंभर पावलांनी खिसे चाचपून बघावेत."

"दर शंभर पावलांनी तुम्ही खिसा चाचपलात की चोराला विचारावंसुद्धा लागत नाही, माल कुठल्या खिशात आहे ते." पेंटर पुढे सरकला. डोळ्यांत ती जुनी चमक. "आता माझं ऐका. पैसे यात जाणार." त्याने टेबलावर एक रंगाचा डबा ठेवला. बाहेरून ओघळलेला, मळका, झाकणावर पिवळा थर. आतून घासूनपुसून लख्ख. "तीस वर्षं मी हे डबे हातात घेऊन हिंडतोय. गर्दी आपोआप बाजूला होते. कोणाला कपडे खराब करून घ्यायचेत? झाकण ठोकून बसवलं की स्क्रू-ड्रायव्हरशिवाय ब्रह्मदेवाला उघडायचं नाही."

"आणि चोर?" दाजी म्हणाले.

"चोरासाठी वेगळी सोय आहे." पेंटर उठला आणि पाठमोरा झाला. पँटच्या उजव्या मागच्या खिशातून एक जाडजूड पाकीट अर्धं बाहेर डोकावत होतं. "बघायचं, हात लावायचा नाही. आत प्लॅस्टिक चिकटवलंय आणि प्लॅस्टिकच्या आत निळा ऑइल पेंट ओतलाय. बंद जागेत संध्याकाळपर्यंत सुकत नाही. जो हात आत जाईल तो मनगटापर्यंत निळा."

"आणि पाकिटात?"

"पुठ्ठ्याचे तुकडे. आणि एक चिठ्ठी, चांगल्या अक्षरात. 'कृपया हात धुवून घ्या.'"

दाजी हसले नाहीत. कागदावर त्यांनी वीस नंबर घातला आणि काहीतरी लिहिलं.

"तुमचं दोघांचं झालं का?" ताईने इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. ती भट्टीकडेच बघत होती. "पैसे मी काढणार. मोजणार मी. तुम्ही दोघं बँकेच्या बाहेर थांबायचं."

"ताई, अगं पण..."

"खातं कोणाचं?"

"तुझं."

"भट्टी कोणाची होणार?"

"तुझी."

"मग?"

मग काय? पेंटरने डबा उचलला. ताईने कोट घातला, खुंटीवरची लाल दोऱ्याने शिवलेली पिशवी काढली, तिच्यात काहीबाही भरलं आणि दारापर्यंत आली. बूट घातले. पेंटर बघत होता. तिने एकदा दाराच्या कडीला हात लावला, काढला, परत लावला. "चला," ती म्हणाली. आवाज मात्र जरा चिरकला.

वाटेत पेंटर हार्डवेअरवाल्याकडे मिनिटभर वळला.

"हे बघ, आज कोणी निळा हात घेऊन टर्पेंटाइन मागायला आलं तर द्यायचं नाही."

"मग काय करू?"

"बसवून ठेवायचं. 'आतून आणतो' म्हणायचं आणि चौकीला फोन करायचा."

हार्डवेअरवाल्याने त्याच्याकडे बघितलं. गेल्या वर्षी पेंटरने त्याच्या दुकानावर 'आज उधार' असं झोकात लिहून खाली बारीक अक्षरात 'मागू नये' लिहिलं होतं. निम्म्या लोकांनी खालचं वाचलंच नव्हतं. "तुझी काही नवीन भानगड नाही ना?"

"ताईची शपथ."

"कोणीही असला तरी बसवायचा?"

"निळा असला की बसवायचा. ओळखपाळख काही बघायची नाही. चोर काय सांगतात, काही नेम असतो का?"

बँकेत ताई वीस मिनिटं होती. बाहेर पेंटर डबा घेऊन उभा, दाजी घड्याळ घेऊन. दाजींनी एवढ्या वेळात सूचना क्रमांक सात चार वेळा पाळली. बँकेच्या दाराशी एक पातळ मिशीवाला पेपर वाचत होता. त्याच्यापासून दहा पावलांवर एक जण, हातावर कोट टाकलेला. ऊन चांगलं असताना हातावर कोट. पेंटरच्या मनात गुदगुल्या व्हायला लागल्या.

ताई आली. चेहरा पांढराफटक. पिशवीतून तपकिरी कागदात बांधलेलं, दोऱ्याने आवळलेलं पुडकं काढून तिने डब्यात टाकलं. पेंटरने झाकण बसवलं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चारी बाजूंनी ठोकलं. ठण ठण ठण ठण. त्या आवाजाने निम्मा रस्ता वळून बघायला लागला.

"हळू हो मेहुणे!" दाजी कुजबुजले.

"बघू दे की. रंगाचा डबा आहे."

निघाले. पुढे पेंटर, मधे ताई, मागे दाजी. बाजार म्हणजे नुसता कालवा. हातगाड्या, छत्र्या, कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर पिंजरे, एकाच वेळी दहा जण आपापला भाव ओरडत होते. पेंटरने डबा पुढे धरला आणि खरंच, माणसं अंग चोरून बाजूला व्हायला लागली. मागून एकदा त्याला कमरेपाशी काहीतरी हलकंसं जाणवलं. झटकन वळला, तर मागे दाजीच. कधी ताईच्या पुढे आले होते कोण जाणे. उजवा हात कोटाच्या खिशात घालून अगदी निरागस चेहऱ्याने छतांकडे बघत होते.

"काय झालं?"

"कुठे काय? चला तुम्ही."

मासळीच्या दुकानांपाशी रस्ता अरुंद होतो. तिथेच पेंटरच्या पाठीवर काहीतरी गार, ओलसर पडलं. आणि लगेच बाजूला पातळ मिशी उगवली, हातात रुमाल.

"अरेरे साहेब! शर्टवर बघा काय पडलंय. थांबा, पुसतो."

"सूचना क्रमांक चार!" दाजी मागून किंचाळले. "थांबू नका!"

पण पेंटरला थांबवायला कोणी लागत होतं का? जन्मभर लोकांना गंडवणाऱ्या माणसाला गंडवायला कोणीतरी स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं. त्याला अगदी भरून आलं.

"डाग? माझ्या शर्टवर?" तो म्हणाला. "कुठला हो?"

मिशीवाला बघायला लागला आणि त्याचा रुमाल हवेतच राहिला. शर्टवर डाग नव्हता अशी जागाच नव्हती. लाल, हिरवा, पिवळा, एकावर एक, सात-आठ वर्षांचे.

"हा म्हणता का? हा दातांच्या डॉक्टरच्या पाटीचा. त्याने दाढ काढायला सांगितली, मी ससा काढला. हा? हा चपलांच्या दुकानाचा. बापलेकांचं पाटीवरून भांडण झालं, डबा माझ्या अंगावर उपडा."

"नाही, नाही, हा मागचा..."

"मागचा केव्हाचा? मागे तर दोन शाळा आणि एक दवाखाना आहे. नीट सांगा ना, लांबून आलात का? हात धरा, हा बघा कोपरावरचा. हा सोनेरी आहे, महाग असतो."

त्याने मिशीवाल्याचं मनगट असं पकडलं होतं की त्याला हलता येईना. आजूबाजूला माणसं जमली. कोळणी हसायला लागल्या. कोणी म्हणालं, "तो तांबडा कशाचा?" पेंटरला आणखी चेव चढला. "तांबडा? त्यासाठी गुडघा दाखवावा लागेल." त्याने डबा खाली ठेवला, पाय उचलून एका पेटीवर टेकवला आणि गुडघ्याची गोष्ट सुरू केली. पातळ मिशीच्या कपाळावर घाम. तो पेंटरच्या खांद्यावरून पलीकडे बघून डोळ्यांनी खुणा करत होता, लवकर लवकर.

आणि पेंटरला मागच्या खिशात हात शिरल्याचं कळलं. काय सफाई! मांजर दुधात तोंड घालते तसा. पेंटरने मनात एक, दोन, तीन म्हटलं.

"आईगं! हे काय!"

हातावर कोट टाकलेला मनगटापर्यंत निळा होऊन उभा होता. पाकीट निळं, बोटं निळी, आणि घाबरून नाक पुसलं म्हणून नाकही निळं. लोक असे हसले की पिंजऱ्यांतल्या कोंबड्यासुद्धा ओरडायला लागल्या. तो पळाला. पेंटर हात हलवून ओरडला, "साबणाने जायचा नाही बरं! टर्पेंटाइन लागेल! कोपऱ्यावर हार्डवेअरमध्ये मिळेल!"

टाळ्या पडल्या. पेंटरने वाकून नमस्कार केला. वाकला तेव्हा त्याला दिसलं.

खाली डबा नव्हता.

मिशीवाला नव्हता. मागे बघितलं, दाजी नव्हते. आणि ताई नव्हती.

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चोराला खेळवता खेळवता चोराच्या पुढ्यात ताट वाढून दिलं होतं त्याने. एका टाळीसाठी. "डबा बघितला का कोणी? रंगाचा डबा!" तो विचारत सुटला. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. आणखी हसले.

ताई कुठे गेली असेल? डबा जाताना तिने बघितला असेल, दुसरं काय! बघितला असेल आणि काही न बोलता निघून गेली असेल. घरी. बूट काढून ठेवायला. या खेपेला ते बूट परत काही बाहेर यायचे नाहीत, एवढं पेंटरला स्वच्छ दिसत होतं. आणि पिशवी कापणारा निदान परका तरी होता.

एकला दहा कमी होते. निदान म्हाताऱ्याच्या पाया पडून दोन दिवस मागून घ्यावेत, आपली शिडी, सायकल, काय असेल ते विकावं, असा हिशेब करत तो बेकरीकडे धावला. बावन्न वर्षांची छाती, लोहाराच्या भात्यासारखी. धापा टाकतच त्याने बेकरीचं दार ढकललं.

आत ऊब होती. म्हातारा खुर्चीवर बसून काठीने दाखवत होता. "कडी अशी लागत नाही ती. आधी गुडघ्याने एक द्यायची. जोरात. घाबरतेस काय, लोखंडाला?" आणि भट्टीपुढे, कोट काढून, बाह्या वर सारून, ताई गुडघा मारत होती. धाड. कडी बसली.

"आलास?" ती म्हणाली. "एवढा वेळ?"

"ताई," पेंटर दाराला धरून उभा राहिला. "ताई, डबा गेला."

"हो ना?"

"अगं, डबा! पैसे! मी खाली ठेवला आणि... माझंच चुकलं. मी माकडचेष्टा करत बसलो. मी शिडी विकतो, मी..."

"पैसे दिले की तिने," म्हातारा म्हणाला. "दोनदा मोजले मी. दिसत होते सगळे."

पेंटरने ताईकडे बघितलं. ताईने कोटाच्या आतून एक चपटा पट्टा काढून त्याच्या पुढ्यात टाकला. पिठाच्या पोत्याच्या कापडाचा, कमरेला बांधायचा, लाल दोऱ्याने शिवलेला. रिकामा.

"बँकेत कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून भरला आणि बांधला," ती म्हणाली. "वीस मिनिटं उगाच लागली का?"

"आणि डब्यात?"

"टोस्ट. तू सकाळी चोरत होतास ते. कागदात नीट बांधून नेले होते घरून."

पेंटर पिठाच्या पोत्यावर बसला. बसताना मागच्या खिशातून पच्च असा आवाज आला, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला खिसा लपवता येतो रे, तोंड नाही. चोरांनी तुझं तोंड बघूनच ओळखलं, माल डब्यात आहे. डब्याकडे काय बघत होतास, तान्हं बाळ असल्यासारखं! तुम्ही दोघं पुढे-मागे असा काही बंदोबस्त करत होतात की अख्खा बाजार तुमच्याकडे बघत होता. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. तू 'हा दातांच्या डॉक्टरचा' म्हणालास ना, तेव्हा मी सटकले."

"एकटी?"

ताईने भट्टीच्या काचेवरचं पीठ बोटाने पुसलं.

"एकटी. पिशवी कापली होती ना, ती जागा आली. कांद्याच्या गाड्यापाशी. वाटलं, पळत सुटावं. मग मुद्दाम थांबले तिथे. खाली बसले आणि बुटाची नाडी सोडली."

"सोडली?"

"सोडली आणि परत बांधली. सावकाश. दोन्ही पायांची." ती हसली. "तोपर्यंत कोणी माझ्या वाटेला गेलं नाही. मग उठले आणि आले."

पेंटर तिच्याकडे बघतच राहिला. पन्नास वर्षं. बेडूक, मिशा, चिकटवलेली पानं. आणि ही बाई एवढी वर्षं नुसती हसत, एकाच डावासाठी थांबली होती काय? त्याला आधी राग आला. मग तो इतका हसला, इतका हसला की म्हातारा काठी आपटून विचारायला लागला, याला पाणी देऊ का.

"झालं समाधान?" ताई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. हार्डवेअरवाला.

"तुझे निळे आलेत रे!" तो फोनमध्ये कुजबुजत होता, तरी आनंद मावत नव्हता. "एक निळा टर्पेंटाइन मागत आला. त्याच्याबरोबर एक मिशीवाला, त्याला डबा उघडायला स्क्रू-ड्रायव्हर हवा. डबा मी ओळखला, तुझाच. दोघांना बसवलं, शटर अर्धं ओढलं. चौकीतला हवालदार पण आलाय. पण तिसरा निळा फार वाद घालतोय."

"तिसरा?"

"हो. म्हातारा आहे, कोट घातलाय. म्हणतो, मी चोर नाही, मी सूचना क्रमांक सात पाळत होतो. असले चोर मी आयुष्यात बघितले नाहीत."

पेंटरने फोन खाली केला. "ताई," तो म्हणाला, "दाजी सापडले."

हार्डवेअरच्या दुकानात बाकावर तिघे ओळीने बसले होते. निळ्या नाकाचा, पातळ मिशीचा, आणि शेवटी दाजी, निळा हात मांडीपासून दूर धरून, परीक्षेत कॉपी करताना धरलेल्या मुलासारखे. समोर हवालदार. त्याने डबा उघडला होता आणि पुराव्यातला एक टोस्ट त्याच्या तोंडात होता.

"पाकीट बाहेर डोकावत होतं," दाजी ताईला बघताच म्हणाले. "मला राहवलं नाही. आत ढकलायला गेलो. तुम्ही हसाल म्हणून बोललो नाही. म्हटलं, गुपचूप जाऊन धुवून येतो. तर या गृहस्थांनी..."

"मला सांगितलं होतं, निळा असला की बसवायचा," हार्डवेअरवाला म्हणाला. "ओळख बघायची नाही."

"बाई, हे तुमचे कोण?" हवालदाराने टोस्ट गिळून विचारलं.

"नवरा."

"नक्की?"

ताईने दाजींच्या हाताकडे बघितलं. "सकाळी निघताना तरी होता."

"मग सोडतो. बाकी दोघांचं विचारूच नका. इतकं रंगेहाथ मी नोकरीत कोणाला धरलं नव्हतं." त्याने डब्यात परत हात घातला. "टोस्ट कुठले हो हे?"

"माझे," ताई म्हणाली. "सोमवारपासून नवीन भट्टीत. जास्त खुसखुशीत मिळतील."

मिशीवाल्याने मान वर केली. "ताई, एक विचारू? पैसे होते तरी कुठे?"

"सूचना क्रमांक एक," ताई म्हणाली. "बँकेच्या दारात पैसे मोजू नयेत, आणि दुकानात त्यांच्याबद्दल बोलू नये."

दाजींची छाती एवढी फुगली की हात निळा आहे हेही ते विसरले आणि चष्मा सारखा करायला गेले.

बाहेर आल्यावर ताईने पिशवी खांद्यावर टाकली. "मैदा आणायचाय दोन पोती, पोचवायला सांगते. तुम्ही व्हा पुढे."

"मी येतो ना," पेंटर म्हणाला.

"नको. तुम्ही आलात की चोर गोळा होतात."

आणि ती गेलीसुद्धा, सरळ गर्दीत. पेंटर आणि दाजी तिथेच उभे राहिले. लाल दोऱ्याची ती वाकडीतिकडी शिवण छत्र्यांमधून, गाड्यांमधून, खांद्यांमधून लांब लांब जात होती. कांद्याच्या गाड्यापाशी ती क्षणभर थांबली. भाव विचारला असावा. मग परत चालायला लागली.

"काका," मागून कोणीतरी हाक मारली. दप्तर घेतलेली एक मुलगी होती. "काका, तुमच्या पँटला मागून केवढा डाग पडलाय."

पेंटरने दाजींना डोळा मारला. "सूचना क्रमांक चार," तो म्हणाला. "अगं बाळ, या विद्येत मी तुझ्या आजोबांचा मास्तर आहे. जा घरी."

मुलगी खांदे उडवून गेली. दाजी मात्र एक पाऊल मागे सरकले आणि वाकून बघायला लागले.

"मेहुणे," ते म्हणाले, "ती खरं बोलत होती."

"काय सांगता!" पेंटर म्हणाला आणि बघायला हात मागे नेला.